गंजाला नारिंगी रंग फासू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा सरत आला की पुरवण्यांत आणि छायाचित्र-स्पर्धांत गंजलेल्या वस्तूंची छायाचित्रे हटकून दिसू लागतात. जुना कोयंडा, खिडकीची जाळी, किनाऱ्याला लागलेला बार्ज, पडीक गिरणीचा दरवाजा. विषयाबद्दल आमची तक्रार मुळीच नाही. तक्रार आहे ती रंगाबद्दल. बहुतेक छायाचित्रांत गंज जिलेबीच्या रंगाचा झालेला असतो. थोडा रंग फोन चढवतो, थोडा छायाचित्रकार चढवतो आणि छपाईला जाण्याआधी आणखी कुणीतरी हात मारतो. खऱ्या गंजात पिवळट, तांबूस, विटकरी, तपकिरी आणि जांभळट काळा असे कितीतरी रंग शेजारी शेजारी असतात. ते फरक पुसले की पाहण्यासारखे काही उरत नाही. म्हणून हे पत्र.

रंग वेगळे का असतात हे माहीत असले की ते टिपणेही सोपे जाते. लोखंडाला पाणी आणि हवा मिळाली की आधी धरतो तो पातळ, नारिंगी, बोटाला लागणारा गंज. पावसात एका रात्रीत उमटतो तो हाच. महिने गेले, ओल-सुके, ओल-सुके असे फेरे झाले की तोच गडद तपकिरी आणि घट्ट होत जातो. त्याच्याही खाली, धातूला लागून, जिथे हवा कमी पोहोचते तिथे काळा थर असतो. तो मॅग्नेटाइटचा आणि लोहचुंबकाला चिकटणारा. पोपडा ताजा सुटलेला असेल तर त्याच्या आतल्या बाजूला हा काळा थर दिसतो आणि उघड्या पडलेल्या जागेवर दोन-चार दिवसांत पुन्हा नारिंगी छटा येते. म्हणजे एकाच पत्र्यावर नवा, जुना आणि पोपड्याआडचा असे तीन गंज दिसतात. चित्र चांगले होते ते या तिघांच्या सीमारेषेवर. नुसत्या नारिंगी मैदानावर कॅमेरा रोखून हाती काही लागत नाही.

पोपडे सुटतात त्याचेही कारण साधे आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, दुपटीहून कमी तर नाहीच. रंगाखाली तो फुगला की आधी फोड येतो, मग फोड फुटतो आणि रंगाचे एकावर एक बसलेले थर कडेला उघडे पडतात. घराच्या ग्रिलवर तळाला रेड ऑक्साइड, त्यावर हिरवा, त्यावर निळा, सगळ्यांत वर चंदेरी असे थर मिळतात. फुटलेल्या फोडाची कड जवळून टिपली तर घराने किती वेळा रंग बदलला ते मोजता येते.

किनारपट्टीवर आणखी एक गोष्ट भर घालते ती म्हणजे मीठ. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की पत्र्यावर बसलेले मीठ स्वतःच पाणी ओढून विरघळते, म्हणजे पाऊस न पडताही लोखंड ओले राहते. यातून एक उलटी वाटणारी गोष्ट घडते. पावसाने धुतली जाणारी बाजू कमी गंजते आणि वळचणीखालची, पावसापासून वाचलेली बाजू जास्त, कारण तिथले मीठ धुऊन जातच नाही. समुद्राजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये छताची वरची बाजू पाहून परत फिरणारे खरा माल सोडून जातात. छपराच्या खालून, कैचीच्या सांध्यात, खिडकीच्या वरच्या चौकटीच्या पोटाशी पाहावे. यवतमाळ किंवा अमरावतीकडचे लोखंड असे खपलीने सुटत नाही. तिथला गंज पातळ, घट्ट, गडद आणि मंद वाढणारा असतो, आणि त्याचे छायाचित्रही वेगळे यायला हवे.

पन्हळी पत्र्याचे शास्त्र निराळे. त्यावर जस्ताचा मुलामा असतो आणि लोखंडाआधी जस्त झिजते. आधी पांढरी भुकटी दिसते, मग जस्त संपेल तिथून लाल गंज सुरू होतो. म्हणजे कापलेली कड, खिळ्याचे भोक आणि दोन पत्रे एकमेकांवर चढतात ती जागा. प्रत्येक खिळ्याखाली पाण्याबरोबर उतरलेला ओघळ असतो आणि मधला भाग अजून करडा, स्फटिकांच्या नक्षीचा असतो. या टप्प्यातला पत्रा पूर्ण लाल झालेल्या पत्र्यापेक्षा पाहण्याजोगा असतो, असे आमचे मत आहे. लाकडात ठोकलेल्या खिळ्याभोवती निळसर काळा डाग दिसतो, ती बुरशी नसते. लाकडातले टॅनिन आणि लोखंड यांचा तो डाग. खैरासारख्या लाकडात तो चांगला उठतो. छायाचित्रात रंग चढवला की तो जांभळा होतो आणि लगेच खोटा दिसतो.

आता फसवणाऱ्या लाल रंगाबद्दल. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात भरकटून रत्नागिरीजवळ मिऱ्याच्या किनाऱ्याला लागलेले ‘बसरा स्टार’ हे जहाज अनेकांनी टिपले आहे. अशा जहाजाच्या पोटाचा पाण्याखाली राहणारा भाग मुळातच तांबडा-विटकरी रंगवलेला असतो. शिंपले आणि शेवाळ धरू नये म्हणून लावतात तो हा रंग. त्याला गंज समजून छायाचित्राखाली ‘गंजलेले जहाज’ लिहिण्याची चूक सर्रास होते. पोलादी जहाज सर्वांत जोराने गंजते ते लाटांचे तुषार उडतात त्या पट्ट्यात, कारण तिथे मीठ, पाणी आणि हवा तिन्ही भरपूर. त्यामुळे चौकटीत तीन पट्टे एकत्र घ्यावेत. खालचा रंगाचा सपाट तांबडा, मधला तुषारांच्या पट्ट्यातला खडबडीत, आणि वर नांगराच्या भोकातून किंवा पाणी बाहेर पडायच्या भोकांतून उतरलेले ओघळ. तिन्ही ‘लाल’ किती निरनिराळे आहेत ते तेव्हा कळते.

कॅमेऱ्यात बिघडते ते मुख्यतः दोन ठिकाणी. पहिले व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाशाच्या रंगाप्रमाणे कॅमेरा करतो तो रंगांचा तोल. तो ऑटोवर असला आणि चौकट गंजाने भरलेली असली की कॅमेऱ्याला वाटते प्रकाशच पिवळा आहे. तो निळा मिसळतो आणि गंज राखाडी तपकिरी होतो. मग घरी येऊन छायाचित्रकार ‘रंग उतरले’ म्हणून सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) वाढवतो. जिलेबी इथे तळली जाते. उपाय असा : व्हाइट बॅलन्स उन्हात ५५०० केल्व्हिन आणि ढगाळ हवेत ६५०० केल्व्हिनवर पक्का करावा, रॉमध्ये (कॅमेऱ्याने संस्कार न केलेल्या फाइलमध्ये) टिपावे आणि त्या प्रकाशातल्या पहिल्या चौकटीत ग्रे कार्ड, म्हणजे रंग जुळवायचे करडे कार्ड, ठेवावे. ग्रे कार्डाऐवजी झेरॉक्सचा पांढरा कागद वापरू नये. त्यात चकाकीसाठी घातलेले द्रव्य उन्हात निळसर उजळते आणि त्यावरून रंग ठरवला की सगळे चित्र पिवळे पडते. घरात किंवा शेडमध्ये एलईडी दिवा आणि दाराचा उजेड एकत्र येत असेल तर दिवा बंद करावा. दोन प्रकाशांतला गंज नंतर कशानेही सुधारत नाही.

दुसरी चूक एक्स्पोजरची. जुना गडद गंज चौकटभर असला की कॅमेरा त्याला मधल्या करड्याच्या उजेडावर आणू पाहतो आणि चित्र फिके येते. तिथे दोन-तृतीयांश ते एक स्टॉप कमी करावा (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). ताजा नारिंगी गंज उन्हात असेल तर अडचण वेगळी. एकूण हिस्टोग्राम (चित्रातल्या उजेडाचा आलेख) ठीक दिसतो, पण लाल चॅनेल आधीच भरून सांडलेला असतो, म्हणून सगळे नारिंगी एकाच छटेचे, सपाट येते. हिस्टोग्राम तीन रंगांचा वेगवेगळा लावून ठेवावा आणि लाल रेघ उजव्या भिंतीला टेकणार नाही इतके एक्स्पोजर उतरवावे. सॅच्युरेशनच्या पट्टीला हात न लावता घट्ट रंग मिळवायचा हा सरळ मार्ग आहे.

प्रकाश कसा घ्यावा हे काय दाखवायचे त्यावर ठरते. रंग दाखवायचे असतील तर ढगाळ दिवस किंवा सावली. पोत दाखवायचा असेल तर पत्र्याला घासून जाणारे ऊन, पृष्ठभागाशी दहा-पंधरा अंशांचे. सकाळी पहिला तासभर किंवा संध्याकाळी शेवटचा. कोकणात पश्चिमेला तोंड करून असलेल्या भिंतीवर दुपारी साडेतीनला येणारे ऊन समोरून आदळते आणि पोपडे सपाट दिसतात. त्यापेक्षा उत्तर-दक्षिण तोंडाच्या बाजू पाहाव्यात. फ्लॅश कॅमेऱ्यावर लावू नये. हातात विजेरी घेऊन बाजूने, अगदी खालच्या कोनातून उजेड टाकला तर फोड आणि खड्डे उठून दिसतात. जुन्या पट्टीवरची पुसट अक्षरेही अशीच वाचता येतात, त्यांवर खडू घासायची गरज नसते.

पोलरायझर फिल्टर या कामात सर्वांत उपयोगी. ओल्या गंजावरची आणि रंगावरची पांढरट चमक तो काढतो आणि खालचा रंग मोकळा होतो. मात्र घासून चकचकीत झालेल्या उघड्या धातूवर त्याचा परिणाम जवळजवळ होत नाही, कारण धातूवरून परतणारा प्रकाश त्या पद्धतीने ध्रुवित होत नसतो. फिल्टर फिरवूनही चमक जात नसेल तर फिल्टर खराब आहे असे समजू नये, उभे राहण्याची जागा बदलावी. फिल्टर एक ते दोन स्टॉप प्रकाश खातो. वळचणीखालच्या सावलीत आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि लेन्सचे छिद्र एफ ८ ठेवले तर शटरचा वेळ साधारण १/१५ सेकंद लागतो, पोलरायझर लावला की १/५च्या आसपास. म्हणजे ट्रायपॉड आणि दोन सेकंदांचा टायमर आलाच.

जवळून टिपताना फोकसची खोली किती थोडी असते याचा अंदाज अनेकांना नसतो. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर मॅक्रो लेन्सने एकास एक आकारात, म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या मापाची उमटते तेव्हा, एफ ८ला जेमतेम एक मिलिमीटर. पोपडा वर वळला असेल तर तो पाच-सहा मिलिमीटर सहज उचललेला असतो. मग एफ २२ करून भागत नाही. एकास एकला लेन्सचे छिद्र प्रत्यक्षात दुप्पट आकड्याइतके बारीक वागते, एफ २२ म्हणजे एफ ४४, आणि विवर्तनाने, म्हणजे बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने, सगळेच मऊ पडते. एफ ८वर राहून अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरच्या टप्प्याने बारा-तेरा चौकटी घ्याव्यात आणि नंतर जोडाव्यात (यालाच स्टॅकिंग म्हणतात). तेवढा खटाटोप नको असेल तर सेन्सर पत्र्याला समांतर येईल असा कॅमेरा धरावा आणि अर्धा आकार पुरे मानावा. चौकटी घेताना वारा असेल तर सुटा पोपडा हलतो. अशा दिवशी स्टॅकिंगचा नाद सोडावा.

फोनवाल्यांसाठी थोडक्यात : वाइड अँगल नको, दुप्पट झूमचा लेन्स वापरावा. बोट दाबून फोकस आणि उजेड लॉक करावा, उजेड थोडा खाली ओढावा, आपोआप मॅक्रोवर जाणारी सोय बंद करावी. फोन कडा फार तीक्ष्ण करतो आणि गंज वाळूसारखा कचकचीत दिसतो, म्हणून जमल्यास रॉ. चुंबक असलेले कव्हर गंजलेल्या वस्तूंपासून लांब ठेवावे. काळ्या गंजाची भुकटी त्याला अशी चिकटते की पुसता पुसत नाही.

गंज उठून दिसावा म्हणून त्यावर खोबरेल किंवा मशीनचे तेल फवारण्याची पद्धत काही ठिकाणी रूढ झाली आहे. ती बंद व्हावी. पाण्यानेही तोच परिणाम साधतो. गंजाची सूक्ष्म छिद्रे पाण्याने भरली की विखुरणारा प्रकाश कमी होतो आणि रंग गडद होतो. भंगाराच्या ढिगावर साधे पाणी शिंपडायला हरकत नाही. किल्ल्यावरच्या तोफेवर मात्र तेही नको. समुद्राकाठच्या किल्ल्यांवरील लोखंडी तोफांच्या गंजाखाली मीठ शिरलेले असते. दमट हवेत तिथे तांबूस थेंब जमतात आणि पोपडे आतून सुटत राहतात. तारेच्या ब्रशने घासून ‘छान पोत’ काढणारा माणूस त्या तोफेचा मूळ पृष्ठभागच काढून टाकतो. संरक्षित स्मारकाची हानी हा १९५८च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली गुन्हा आहे. २०१०च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत ट्रायपॉडसाठी वेगळी परवानगी लागते तीही आधी काढावी. आणि तोफ टिपताना ती ओतीव आहे की घडीव हे पाहावे. घडीव तोफेत लांब पट्ट्यांवर कडी चढवलेली असतात. गंज त्या सांध्यांत खोल जातो, त्यामुळे बांधणी उघडी दिसते. बाजूने येणाऱ्या उन्हात ती कडी मोजता येतात. ओतीव तोफेवर असे काही दिसत नाही. तिथे खपल्या आणि खड्डेच.

न गंजलेले लोखंडही याच अभ्यासात येते. दिल्लीला मेहरौलीचा लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षांचा, घडीव लोखंडाचा. त्यात फॉस्फरस जास्त असल्याने पृष्ठभागावर फॉस्फेटचा पातळ रक्षक थर बसला आहे. त्याचे छायाचित्र काळसर करड्या रंगात यायला हवे. छापून येते ते बहुधा तपकिरी.

रुळांवरचा गंज टिपण्याचा मोह मोठा असतो. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर या ‘शकुंतले’च्या नॅरोगेज मार्गाची बरीच छायाचित्रे येतात. रूळ वापरात असेल तर माथा चकाकतो आणि बाजू गंजलेल्या असतात. माथ्यावर फिकट नारिंगी साय असेल तर गाडी जाऊन थोडेच दिवस झालेत. माथा आणि बाजू एकाच तपकिरी रंगाच्या दिसल्या तर वाहतूक कधीची थांबली आहे. एवढी माहिती एका चौकटीत मावते. पण बंद वाटणारा मार्गही रेल्वेच्याच ताब्यात असतो आणि विनापरवाना शिरणे रेल्वे कायद्याच्या कलम १४७खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. फाटकाशेजारच्या रस्त्यावरून दोनशे मिलिमीटरच्या लेन्सने काम होते.

जिवाचे धोके तीन. बंद टाकी, जहाजाची बंद खोली, जुना बॉयलर यांत डोके घालू नये. गंज धरताना लोखंड हवेतला ऑक्सिजन खाते आणि वर्षानुवर्षे बंद असलेल्या जागेत तो इतका कमी होतो की माणूस आत पाऊल टाकताच कोसळतो, वास काहीच येत नाही. दुसरे, धनुर्वात. तो गंजाने होत नाही. मातीतले जंतू खोल जखमेत गेल्याने होतो आणि गंजका खिळा तशी जखम करतो. दर दहा वर्षांनी बूस्टर घ्यावा. खोल, मळकी जखम झाली आणि आधीच्या इंजेक्शनला पाच वर्षे उलटून गेली असतील तर लगेच डॉक्टर गाठावा. जाड तळव्याचे बूट हवेतच. तिसरे, भरती. किनाऱ्यावरच्या बार्जपाशी ओहोटी पूर्ण व्हायच्या दीड तास आधी पोहोचावे आणि पाणी फिरले की निघावे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अदमासे वेळ येते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास. पाणी सर्वांत खाली आणि ऊन सर्वांत तिरके, दोन्ही त्याच दिवसांत साधते. पण उधाणाची भरती चढतेही भराभर, म्हणून ट्रायपॉडसकट एकट्याने जाऊ नये.

एकाच जागेचे दर वर्षी त्याच महिन्यात छायाचित्र घ्यावे, असेही सुचवतो. लेन्सची लांबी, कॅमेऱ्याची उंची, अंतर आणि दिवसाची वेळ वहीत लिहावी. मागच्या वर्षीचे चित्र फोनमध्ये सोबत न्यावे आणि दोन ठळक बिंदू जुळवून उभे राहावे. पहिल्या वर्षी काहीच बदल दिसणार नाही, त्याने खट्टू होऊ नये.

शेवटी आपल्या छायाचित्र विभागाला विनंती. वर्तमानपत्राचा कागद शाई शोषतो, ठिपके पसरतात आणि चार शाईंनी बनलेले गडद तपकिरी एकमेकांत मिसळून चिखल होतो. तो उजळावा म्हणून सॅच्युरेशन वाढवले जाते. त्याऐवजी गडद छटा पडद्यावर थोड्या जास्त उघडाव्यात आणि एकूण शाई (चारही शाईंची टक्केवारी मिळून) २४० टक्क्यांच्या आत ठेवावी. छायाचित्रे एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीतच मागवावीत. अडोब आरजीबी या दुसऱ्या रंगपद्धतीतली फाइल प्रोफाइल (रंगपद्धती सांगणारी नोंद) गळून आली की फिकी दिसते आणि तिथेही कुणीतरी रंग ओततो. वीस सेंटिमीटर रुंद छापायला इंचाला २०० पिक्सेलने (पीपीआय) १६०० पिक्सेल पुरतात, तेव्हा ‘फाइल लहान होती’ म्हणून तीक्ष्णता वाढवायचे कारण नाही. चित्राखालच्या ओळीत धातू किंवा वस्तू, ठिकाण, महिना आणि पृष्ठभाग ओला होता की कोरडा एवढे छापावे. उदाहरणार्थ : ‘पन्हळी पत्रा, मिऱ्या, सप्टेंबर, ओला.’ पाणी मुद्दाम शिंपडले असेल तर तेही त्याच ओळीत यावे. स्पर्धा घेताना विजेत्यांकडून रॉ फाइल आणि ग्रे कार्डाची चौकट मागवावी. ज्यांच्याकडे ती नसेल त्यांचा विभाग वेगळा करता येईल.

आपले,
छायाचित्रण करणारे काही वाचक, रत्नागिरी